छोट्या लॅपटॉपला एसएसडी की हार्ड डिस्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा ते चौदा इंची लॅपटॉप, घरात एकच, आणि त्यावरच मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, लग्नाचे फोटो. प्रश्न बहुतेक अशाच घरांतून येतात, म्हणून उत्तरंही त्यांना धरून लिहिली आहेत. घाईत असाल तर माझं मत आधीच सांगतो: विंडोज एसएसडीवरच हवं, मग ती लहान का असेना. हार्ड डिस्कची जागा लॅपटॉपच्या बाहेर, बॅकअपसाठी. कारणं आणि अपवाद खाली आहेत.

१. दोन्हीत फाइलीच साठतात ना? मग एवढा फरक कशामुळे पडतो?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. माहिती वाचायची तर हेड योग्य जागी सरकायला हवं आणि चकतीचा नेमका तो भाग फिरून हेडखाली यायला हवा. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हेडचं सरकणं धरून एका वाचनाला सरासरी पंधरा-सतरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ वेगवेगळ्या जागा. एसएसडीत हलणारं काहीच नाही. माहिती फ्लॅश चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात असते आणि कुठलीही जागा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही लवकर सापडते.

एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हार्ड डिस्कही सेकंदाला शंभरेक एमबी देते, म्हणून तिच्यावरून सिनेमा बघताना काही जाणवत नाही. पण विंडोज सुरू होताना किंवा क्रोम उघडताना हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेल्या ठिकाणांहून उचलावे लागतात. खोळंबा तिथे होतो.

२. लॅपटॉप आय-फाइव्ह आहे, आठ जीबी रॅम आहे, तरी सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. व्हायरस आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा आणि वाचन-लेखनाचा वेग बघा. वर १०० टक्के आणि खाली सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं की समजा, डिस्क शेकडो ठिकाणी धावतेय आणि हाती फारसं काही लागत नाहीये. विंडोज १० आणि ११ मागच्या मागे अपडेट उतरवतं, डिफेंडर फाइली तपासतो, सर्चची यादी तयार होत राहते. एसएसडी हे सगळं सहज पेलते, ५४०० फेऱ्यांची डिस्क पेलत नाही.

सिसमेन (विंडोजची मागच्या मागे चालणारी एक सेवा) बंद करा, सर्च बंद करा, असे उपाय यूट्यूबवर पुष्कळ सापडतील. त्यांनी चार दिवस बरं वाटतं, मूळ दुखणं तसंच राहतं. मात्र डिस्क खराब होत असेल तरीही हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी प्रश्न १० मधली तपासणी करून घ्या.

३. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

आत हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, अगदी ४ जीबी रॅम असली तरी. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं. ती डिस्क एसएसडी असेल तर निदान लॅपटॉप थिजत नाही. आधीपासून एसएसडी आहे आणि तरी क्रोमचे दहा टॅब उघडल्यावर अडखळतो, तर मात्र रॅम घ्या. बऱ्याच छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, वाढवताच येत नाही. खरेदीआधी मॉडेल नंबर टाकून तेवढं बघा.

४. माझ्या लॅपटॉपला कोणती बसेल? दुकानदार वेगवेगळी नावं सांगतो.

इथे चुकलं तर डिस्क परत करायला पुन्हा लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्ली गाठावी लागते, म्हणून सविस्तर सांगतो.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा. झाकणाचे स्क्रू कधीकधी रबरी पायांखाली लपलेले असतात आणि लांबीला वेगवेगळे असतात. निघतील त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरच्या कव्हरला फुगवटा येतो. आत पहिलं काम बॅटरीची पिन काढण्याचं.

पत्त्याच्या कॅटपेक्षा थोडी मोठी चपटी धातूची डबी दिसली तर ती अडीच इंची साटा हार्ड डिस्क (साटा ही डिस्क जोडायची जुनी, नेहमीची पद्धत). तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. जाडी तेवढी बघा: एसएसडी बहुधा ७ मिलिमीटरची असते, जुन्या लॅपटॉपमधला खण साडेनऊ मिलिमीटरचा. मधली फट भरायला प्लास्टिकची चौकट लावतात. उलट ७ मिलिमीटरच्या खणात साडेनऊची हार्ड डिस्क जात नाही.

च्युइंगगमच्या पट्टीसारखी उघडी पट्टी किंवा तिच्यासाठी रिकामा स्लॉट दिसला तर तो एम.२. पट्टीची रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०, ४२ किंवा ३०. म्हणून २२८०, २२४२, २२३० असे आकडे. छोट्या लॅपटॉपमध्ये लांबीला जागा नसते, तेव्हा स्क्रूचं भोक किती अंतरावर आहे ते मोजूनच घ्या.

खरी फसगत पुढे आहे. एम.२ हा फक्त आकार. त्या आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही (पीसीआय-ई या जास्त वेगवान मार्गाने जोडली जाणारी). काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. साटा पट्टीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण काही एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा असतात. म्हणून खाचांवर विसंबू नका. जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा आणि कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.

५. साटा आणि एनव्हीएमई यात रोजच्या वापरात फरक जाणवतो का?

हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलात तर फरक पहिल्याच दिवशी कळतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर टॅली, वर्ड, ब्राउझर या कामांत फारसा नाही. आकडे मात्र खूप वेगळे दिसतात: साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, पीसीआय-ई ३.० ची एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. तो वेग मोठे व्हिडिओ हलवताना उपयोगी पडतो. स्लॉट एनव्हीएमईचा असेल तर तीच घ्या, नसेल तर त्यासाठी लॅपटॉप बदलू नका.

६. किती जीबीची घ्यावी? २५६ पुरेल?

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान जागा ६४ जीबी आहे, पण तेवढ्यावर वर्षभरही निभत नाही. अपडेटसाठीच जागा उरत नाही. अभ्यास, ऑफिसचं काम, टॅली, ब्राउझर एवढंच असेल तर २५६ पुरते. फोनमधले व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवत असाल तर ५१२ घ्या. १२८ फक्त लिनक्ससाठी (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) किंवा अगदीच हात आखडता असेल तेव्हा.

पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवा. आजच्या बहुतेक एसएसडी मोकळ्या जागेचा एक भाग वेगवान तात्पुरता साठा म्हणून वापरतात. डिस्क काठोकाठ भरली की तो साठा आक्रसतो आणि लिहिण्याचा वेग पडतो. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) डिस्कमध्ये तर मोठी फाइल कॉपी करताना हा वेग हार्ड डिस्कच्याही खाली गेलेला दिसतो.

७. २५६ जीबीची घेतली, विंडोज २३८च दाखवतं. फसवलं का?

नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, आणि दोघंही जीबीच लिहितात. त्याच हिशेबाने ५१२ ची ४७६ दिसते आणि १ टीबीची ९३१.

फसवणूक होते ती वेगळ्या प्रकारे. अनोळखी नावाची ‘२ टीबी एसएसडी’ नेहमीच्या भावाच्या पाव किमतीत मिळत असेल तर आत बहुतेक ६४ जीबीचं कार्ड असतं आणि विंडोजला खोटा आकडा सांगितला जातो. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत नाहीत. संशय आला तर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण जागा भरून, परत वाचून खरं काय ते सांगतो.

८. नवीन स्वस्त लॅपटॉपवर ‘६४ जीबी ईएमएमसी’ लिहिलंय. ती एसएसडीच ना?

चिप फ्लॅशचीच, पण एसएसडी नव्हे. ईएमएमसी बोर्डवर सोल्डर केलेली असते, वेग साटा एसएसडीच्या साधारण निम्मा, आणि नंतर बदलता येत नाही. ज्या घरात हाच लॅपटॉप चार-पाच वर्षं चालवायचा आहे त्यांनी तो घेऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. एक अपवाद: काही मॉडेलमध्ये ईएमएमसीसोबत रिकामा एम.२ स्लॉटही असतो, त्यात एसएसडी टाकून विंडोज तिथे नेता येतं.

छोट्या लॅपटॉपमध्ये कमी जागेची फ्लॅश ही जुनीच गोष्ट आहे. २००७ साली आलेल्या असूसच्या सात इंची ई पीसी ७०१ मध्ये ४ जीबी फ्लॅश होती आणि त्यावर लिनक्स छान चालायचं. विंडोज आणि जास्त जागेची मागणी आली तसे हे नेटबुक, म्हणजे छोटे स्वस्त लॅपटॉप, हार्ड डिस्ककडे वळले. २००८ ची पहिली मॅकबुक एअरही मूळ किमतीत ८० जीबीची, मिनिटाला ४२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क घेऊन आली. ६४ जीबीच्या एसएसडीसाठी भरपूर जास्त पैसे मोजावे लागत.

९. एसएसडी लिहून लिहून संपते म्हणतात. मग टिकते किती?

फ्लॅशच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात हे खरं. म्हणून कंपनी टीबीडब्ल्यू हा आकडा देते: वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येईल. सॅमसंगच्या २५० जीबी ८७० एव्होसाठी तो १५० आहे. रोज २० जीबी लिहिलंत, आणि घरच्या वापरात एवढं क्वचितच होतं, तरी तो गाठायला वीस वर्षं लागतील. त्याआधी लॅपटॉपच बदललेला असेल.

एसएसडी बिघडते ती बहुधा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) किंवा फर्मवेअरमुळे (त्या चिपमधला प्रोग्रॅम), आणि ते अचानक होतं. पुढच्या दोन प्रश्नांचा संबंध त्याच्याशी आहे. डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) करायची गरज नाही. विंडोज एसएसडी ओळखून स्वतःच ट्रिम चालवतं, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते तिला कळवतं.

१०. डिस्क जायला लागली आहे हे आधी कसं कळेल?

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. हार्ड डिस्कसाठी दोन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाले म्हणून बदललेले तुकडे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयित तुकडे). दोन्ही शून्य असाव्यात. आकडा आहे पण महिनोन्‌महिने तेवढाच राहतो, तर नजर ठेवा. आठवड्यागणिक वाढतोय तर आजच महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. टक-टक असा ठराविक आवाज यायला लागला तर लगेच बंद करा, कारण प्रत्येक वेळी सुरू करताना नुकसान वाढू शकतं. एसएसडीसाठी याच प्रोग्रॅममध्ये आरोग्याची टक्केवारी दिसते, पण ती झीज सांगते. अचानक होणारा बिघाड त्यात दिसत नाही.

११. चुकून पुसलेले फोटो एसएसडीवरून परत मिळतील का?

रीसायकल बिनमधूनही गेले असतील तर आशा फार कमी. हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर दुसरं काही त्या जागी लिहिलं जाईपर्यंत राहतो, म्हणून रिकव्हरी प्रोग्रॅम तो शोधून देतात. एसएसडीला ट्रिममुळे लगेच कळतं की ही जागा आता रिकामी आहे, आणि ती आपल्या सवडीने साफ करते. पूर्ण निकामी झालेल्या हार्ड डिस्कमधूनही रिकव्हरी लॅब बऱ्याचदा डेटा काढू शकते, एसएसडीत ते अवघड आणि महाग.

म्हणून काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. प्रश्न १० च्या तपासणीत ती निरोगी निघाली तर यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायची डबी) घालून बॅकअपला वापरा. बाळाचे फोटो, वडिलांच्या जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रं, प्रबंध, अशा गोष्टी एकाच ठिकाणी असू नयेत, मग ते ठिकाण कितीही नवं असो.

१२. जुन्या डिस्कचा क्लोन करू की विंडोज नव्याने टाकू?

लॅपटॉप सुरळीत होता, फक्त संथ होता, तर क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल. क्लोनझिला मोफत आहे, काही एसएसडी कंपन्याही स्वतःचा प्रोग्रॅम देतात. १ टीबीवरून २५६ जीबीवर जायचं असेल तर वापरलेली जागा नव्या डिस्कमध्ये मावायला हवी. क्लोनझिला मोठ्यावरून लहानावर सहजी जात नाही, तिथे कंपनीचा प्रोग्रॅम सोपा पडतो. डिस्कवर खराब सेक्टर असतील तर क्लोनच्या मागे लागू नका, फाइली काढा आणि विंडोज नव्याने टाका. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही.

नव्याने टाकणार असाल तर या गोष्टी आधी करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवा. टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करा आणि लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करा. मराठी टायपिंगचं काम करणाऱ्यांनी फाँटचा फोल्डर नक्की घ्यावा: युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेल्या लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका तो फाँट नसेल तर नुसत्या रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतात. छापखाने आणि शाळांतून याबद्दल फार कळवळून विचारणा होते.

१३. नवी एसएसडी लावली, पण विंडोज टाकताना यादीत दिसतच नाही.

आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं लॅपटॉपच्या सेटिंगचं पान) दिसते का बघा. तिथेही नसेल तर नीट बसली नाही किंवा प्रकार चुकला (प्रश्न ४). बायोसमध्ये दिसते पण इन्स्टॉलरमध्ये नाही, आणि प्रोसेसर इंटेलच्या ११व्या पिढीचा किंवा पुढचा आहे, तर कारण बहुधा व्हीएमडी, म्हणजे डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय, जिला वेगळा ड्रायव्हर लागतो. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि यादीच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून द्या. दुसरी डिस्क म्हणून जोडली असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला इनिशियलाइझ करावं लागतं, त्याशिवाय ‘धिस पीसी’त ती येत नाही.

१४. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी हार्ड डिस्क बसवून दोन्ही ठेवता येतील का?

येतील. त्यासाठी कॅडी (डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाची चौकट) मिळते, साडेनऊ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाड्यांत. एसएसडी मूळ खणात आणि हार्ड डिस्क कॅडीत ठेवा. काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीची जोडणी कमी वेगाची असते. सतत फिरणारी डिस्क थोडी बॅटरी खाते आणि हादऱ्यांचा धोकाही राहतो, म्हणून रोज मोठा साठा लागत नसेल तर मी केसिंगच सुचवतो.

१५. रोज बाइकवरून, एसटीतून लॅपटॉप नेतो. हार्ड डिस्कला धोका आहे?

बंद असताना फारसा नाही, हेड बाजूला लावून ठेवलेलं असतं. चालू असताना मात्र हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि एका धक्क्याने ओरखडा पडू शकतो. लोक झाकण मिटतात, लॅपटॉप बॅगेत टाकतात, आणि तो स्लीपमधून मध्येच जागा होऊन खड्ड्यांतून जाताना डिस्क फिरत राहते. हार्ड डिस्क असेल तोवर निघताना पूर्ण बंद करा.

१६. लडाखला चाललोय. तिथे हार्ड डिस्क चालत नाही हे खरं का?

खरंच तसं होऊ शकतं. हेड तरंगतं ते हवेच्या आधारावर, आणि हवा विरळ झाली की तो आधार कमी होतो. बहुतेक साध्या हार्ड डिस्कसाठी चालू स्थितीतली मर्यादा ३०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट दिलेली असते. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. फोटो उतरवायला एसएसडी न्या, घरची हार्ड डिस्क घरीच ठेवा. महाराष्ट्रात ही अडचण कुठेच नाही. कळसूबाईचं शिखरही १६४६ मीटरच आहे.

१७. बॅकअप एसएसडीवरच घेऊन कपाटात ठेवला तर?

वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायचा असेल तर हार्ड डिस्क बरी. एसएसडीतला भार हळूहळू गळतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, लिहिण्याची मर्यादा संपल्यानंतरही, ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष माहिती टिकवावी लागते. नवी डिस्क याहून खूप जास्त टिकवते, पण कपाट तापत असेल तर मुदत घटते. ठेवलीच तर सहा महिन्यांनी एकदा जोडून काही वेळ चालू ठेवा. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात कुठलीही डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

बॅकअपसाठी नवी अडीच इंची हार्ड डिस्क घेत असाल तर १ टीबी आणि पुढच्या बऱ्याच डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. एकदा भरून ठेवायला त्या उत्तम, पण त्यावर विंडोज टाकलं तर प्रश्न २ मधलं दुखणं आणखी वाढतं.

१८. माझा लॅपटॉप विंडोज ११ घेतच नाही. त्यात एसएसडी टाकण्यात अर्थ आहे?

आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या ८व्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर ११ च्या यादीत नाहीत. अशा मशीनवर २५६ जीबीची साटा एसएसडी आणि लिनक्स मिंट टाकलं तर ब्राउझर, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग, लिब्रेऑफिस हे सगळं चालतं. टॅली किंवा तुमचं शासकीय काम फक्त विंडोजवरच चालत असेल तर मात्र खर्च थांबवा. पुढे लॅपटॉप बदललात तर अडीच इंची एसएसडी केसिंगमध्ये घालून वापरता येते, पैसे वाया जात नाहीत.

१९. जुनी डिस्क विकायची आहे. फॉरमॅट केलं की झालं का?

क्विक फॉरमॅटने झालं नाही. हार्ड डिस्कवरचं जवळजवळ सगळं परत काढता येतं. हार्ड डिस्क असेल तर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, विंडोज सगळ्या जागेवर शून्य लिहितं आणि घरगुती गरजेला एकदा केलेलं पुरतं. १ टीबीला काही तास लागतात. एसएसडीवर ही युक्ती पुरती लागू पडत नाही, कारण झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून ती जागा आतल्या आत बदलत असते आणि काही कोपरे विंडोजच्या हाती लागत नाहीत. तिच्यासाठी कंपनीच्या प्रोग्रॅममधलं किंवा बायोसमधलं सिक्युअर इरेज वापरा, बहुधा मिनिटभरात होतं. डिस्क इतकी बिघडली असेल की काहीच चालत नाही, तर ती विकू नका. हार्ड डिस्कच्या चकत्या आणि एसएसडीच्या काळ्या चिपा फोडून मगच ई-कचऱ्यात द्या.